मेली का विझली

उन्हात बंद पडणाऱ्या गाडीला एक वाईट खोड असते. मिस्त्रीसमोर ती बंद पडत नाही. घाटात पडते, टोलनाक्याच्या रांगेत पडते, मागे वऱ्हाड बसलेलं असताना पडते. मग तुम्ही फोन लावता, मिस्त्री 'आलोच' म्हणतो, त्याला यायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात इंजिन निवतं आणि त्याने सेल्फ मारल्या मारल्या गाडी चालू होते. तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही गाडीकडे बघता. दुखणारा दात डॉक्टरच्या दारात गप्प बसतो ना, तसलाच प्रकार.

कायमची बंद पडलेली गाडी परवडली. ती निदान खोटं बोलत नाही. तासाभराने चालू होणाऱ्या गाडीचा रोग शोधायचा, तर ती बंद असतानाच शोधावा लागतो, आणि तेव्हा आपण कुठे असतो? बारा भानगडी सोडून रस्त्याच्या कडेला, डोक्यावर ओढणी घेऊन. गॅरेजात पोचेपर्यंत पुरावा वितळलेला असतो. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. एक बदलला, नाही झालं, दुसरा बदला. याला निदान म्हणत नाहीत, पण बिल मात्र निदानाचंच येतं.

आमची गाडी २००५ सालची, पांढरी, छोटी, पेट्रोलची, आमच्याकडे आलेली दुसऱ्या हातची. अण्णांनी ती घेतली तेव्हा त्यांची काळी-पिवळी जीप विकून तीन वर्षं झाली होती. नेकनूर ते बीड, भर भर भरून, वीसेक वर्षं त्यांनी ती जीप हाणली. मांजरसुंब्याच्या घाटात कुठल्या वळणावर गिअर टाकायचा हे त्यांचे पाय झोपेतही सांगतील. आता ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसतात. दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, सोमवार-गुरुवार बीडला डायलिसिस असतं आणि गाडी मी चालवते.

एसटी आहे, रिक्षा आहेत, नाही असं नाही. पण चार तास मशीनवर झोपून उठलेल्या माणसाला स्टँडवर उभं करून बघा. शरीरातलं दोन-तीन लिटर पाणी काढून घेतलेलं असतं, पाय पिंडऱ्यांतून वळतात, डोळ्यांपुढे काजवे येतात. त्यामुळे ही गाडी घरात हौसेची नव्हती. ती औषधांच्या डब्यासारखी होती.

आमच्या रस्त्याचा भूगोल सांगते, कारण पुढे तो कामाला येणार आहे. नेकनूर बालाघाटाच्या पठारावर. तिथून मांजरसुंबा, मग घाट उतरून पाली, बिंदुसरेचं धरण आणि बीड. म्हणजे सकाळी जाताना उतार आणि गारवा, दुपारी येताना चढ आणि ऊन. डायलिसिस तीनच्या पुढे संपतं. एप्रिल-मे महिन्यांत त्या वेळी बीडमध्ये पारा बेचाळिशीला टेकलेला असतो. गाडी चार तास पत्र्याच्या शेडबाहेर तापलेली, त्यात एसी चालू, त्यात घाट. गाडीची परीक्षा घ्यायची असती तर याहून कडक पेपर कुणी काढला नसता.

पहिल्यांदा ती बंद पडली एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, घाट चढून मांजरसुंब्याला औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटं थांबून निघालो तेव्हा. शंभर फूट गेली आणि संपलं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. अण्णा मागच्या सीटवर आडवे झाले, मी चारही दारं उघडली. पंचवीस मिनिटांनी काही न करता चालू झाली. पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्यानंतरचा सोमवार गेला, गुरुवारी घाटातच, वळणावर, मागे उसाच्या मोळ्यांसाठीचा रिकामा ट्रेलर हॉर्न देतोय.

मी फोनच्या नोट्समध्ये लिहायला लागले. तारीख, वेळ, फोनने दाखवलेलं तापमान, किती किलोमीटर झाले होते, एसी चालू की बंद, पेट्रोलचा काटा कुठे, किती वेळाने चालू झाली. त्याच नोटमध्ये खाली अण्णांचं: मशीनवर जायच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, चक्कर आली का, कधी आली. वेगळी फाइल करायचा कंटाळा, दुसरं कारण नाही.

दरम्यान गाव मदतीला धावलं. नेकनूरला आठवडी बाजाराच्या दिवशी तुम्ही बोनट उघडून उभे राहिलात तर दहा मिनिटांत दहा निदानं मिळतात आणि सगळी फुकट.

अण्णांचं ठरलेलं होतं. "पेट्रोलची वाफ झालीय. नळीत वाफ धरली की पंप काय ओढणार? फडकं भिजव, नळीवर टाक."

पेट्रोल पंपावरची मुलं म्हणाली इथेनॉल. त्यांच्या फोनवर त्याबद्दलच्या इतक्या रील्स येतात की आता पंक्चर झालं तरी ती इथेनॉल म्हणतील. आणि बीडमधल्या एका मोठ्या गॅरेजने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, संगणक लावला, 'एकही कोड नाही' म्हणाले, प्लग बदलले, मग टाकीतला पेट्रोल पंप बदलला. सहा हजार आठशे. पुढच्याच सोमवारी पालीच्या पुढे गाडी बंद.

यातलं अण्णांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त आवडलं होतं, कारण त्यामागे विज्ञान आहे. पेट्रोल पाण्यासारखं एका ठरावीक अंशाला उकळत नाही. त्यात हलके-जड असे पुष्कळ घटक असतात. सगळ्यात हलके ३५-४० अंशांच्या आसपास वाफ व्हायला लागतात, सगळ्यात जड २०० अंशांच्याही पुढे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटवलेला असायचा आणि टाकी पार मागे. म्हणजे पंप लांबून पेट्रोल ओढायचा. ओढलं की नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की द्रव लवकर उकळतं. त्यात इंजिनची धग. नळीत बुडबुडा तयार झाला की पंप नुसता तो बुडबुडा दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकतच नाही. प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसडरच्या काळातले ड्रायव्हर उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं गुंडाळून घाट चढायचे ते यासाठी. हा प्रश्न इतका खरा आहे की पेट्रोलच्या भारतीय मानकात 'वेपर लॉक इंडेक्स' नावाचा एक आकडाच आहे. उन्हाळ्यात त्याची मर्यादा बाकीच्या महिन्यांपेक्षा कडक असते. म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यातही कुणीतरी आमच्या घाटाचा विचार करतंय.

पण २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि छोट्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता पंप टाकीतच बुडालेला असतो आणि तिथून पेट्रोल पुढे ढकलतो, हवेच्या दाबाच्या तिपटीच्या आसपास दाब देऊन. दाबाखालचं द्रव सहजी उकळत नाही, कुकरमधल्या पाण्यासारखं. त्यामुळे इंजेक्शनच्या गाडीत नळीत वाफ धरणं अशक्य नाही, पण दुर्मीळ. अण्णांचं ज्ञान खरं होतं, गाडी मात्र त्या ज्ञानानंतरची होती.

इथेनॉलचं जरा वेगळं आहे. २०२५ पासून देशभर वीस टक्क्यांचं मिश्रण मिळतंय. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना, सीलला ते पचेलच असं नाही, मायलेज थोडं पडतं, हे मान्य. वाफेचा हिशोब मात्र रील्समध्ये सांगतात तेवढा सोपा नाही. पेट्रोलमध्ये पाच-दहा टक्के इथेनॉल घातलं तर मिश्रणाची वाफ होण्याची ओढ नुसत्या पेट्रोलपेक्षा वाढते, आणि प्रमाण आणखी वाढवत नेलं की ती हळूहळू उतरायला लागते. शिवाय इथेनॉल सकाळीही तेच असतं. सकाळी आमची गाडी कधीच बंद पडली नव्हती. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमाराला घरंच्या घरं कोयता घेऊन ऊस तोडायला बाहेर पडतात. त्या उसाचं काय काय होतं, त्यातलं कुणाच्या वाट्याला काय येतं, यावर भांडायला मी कधीही तयार आहे. पण आपल्या गाडीच्या प्रत्येक खोकल्याचं खापर त्याच्यावर फोडलं की खरा रोग आरामात बसून राहतो.

चाचांकडे मला माझ्या चुलतभावाने नेलं. केजच्या रस्त्याला टपरीवजा गॅरेज, बाहेर बाभळ, आत दोन मोटारसायकली उघड्या पडलेल्या. चाचा साठीचे असतील. त्यांनी बोनट उघडलंच नाही. स्टुलावर बसून पहिला प्रश्न विचारला.

"मेली का विझली?"

मला कळलं नाही.

"बेटा, चिमणीतलं तेल संपलं की ती कशी जाते? आधी फडफडते, मोठी-बारकी होते, मग जाते. ती विझली. आन् लाईट गेली की बल्ब कसा जातो? गपकन. ती मेली. तुझी गाडी धक्के मारत गेली का गपकन गेली?"

मी नोट्स उघडल्या. सातही वेळा गपकन. एकदाही धक्का नाही, ओढ कमी झाल्यासारखं नाही. कुणीतरी चावी फिरवून बंद करावी तशी.

"मंग पेट्रोल नाही ते. पेट्रोल कमी पडलं की गाडी रडते. ही रडली नाही. ही करंटची भानगड आहे." मग म्हणाले, "अजून काय लिवलंय त्याच्यात?"

एवढ्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. गॅरेजवाल्यांना मी नोट्स दाखवायला गेले होते तर त्यांनी 'हो, हो' म्हणत गाडीची चावी मागितली होती. चाचांनी एकेक ओळ वाचून घ्यायला लावली. एसी बंद असतानाही एकदा पडली होती, म्हणजे एसीचा थेट संबंध नाही. टाकी अर्धी असताना आणि पाव असताना, दोन्ही वेळा पडली होती. सातपैकी पाच वेळा कुठेतरी पाच-दहा मिनिटं थांबून निघाल्यावर. यावर त्यांनी मान डोलावली. इंजिन बंद केलं की ते लगेच निवायला लागतं असं आपल्याला वाटतं, पण खरं तर आधी ते बोनटखाली आणखी तापतं. पाणी फिरायचं थांबतं, समोरून येणारं वारं थांबतं, आणि लोखंडात साठलेली धग वर, आजूबाजूच्या वस्तूंत शिरते. चहाला थांबलेली गाडी आतून ताप चढवत असते.

मग त्यांचं बोट एका ओळीवर आलं. चालू व्हायला लागलेला वेळ: २५ मिनिटं, ३०, २५, २०, ३०, २५. आणि एकदाच, ८ मिनिटं.

"इथं काय केलंत?"

त्या दिवशी अण्णांनी ऐकलं नव्हतं. चक्कर येत असताना उठून, पाण्याची बाटली फडक्यावर ओतून, फडकं पेट्रोलच्या नळीवर टाकलं होतं. गाडी आठ मिनिटांत चालू झाली आणि घरी येईपर्यंत ते मला 'म्हटलं नव्हतं?' असं म्हणत होते. खरं सांगायचं तर माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. फडक्याने गुण आला होता.

चाचा आता उठले आणि बोनट उघडलं. "फडकं कुठं टाकलं? दाखव." मी दाखवलं. त्यांनी त्या नळीच्या बरोबर खाली हात घातला, इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड असतो तिथे. "पाणी गळून इथं पडलं असंल. हितं कोण राहतो माहिताय का?"

तिथे क्रँक सेन्सर राहतो. अंगठ्याएवढी काळी वस्तू. आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोर इंजिनसोबत फिरणारं दात्यांचं चाक. एकेक दाता समोरून गेला की तारेत वीज हलते, आणि ते मोजून गाडीच्या संगणकाला कळतं की इंजिन किती वेगाने फिरतंय, पिस्टन आत्ता कुठे आहे, ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी फवारायचं. त्या तारेला कुठेतरी सूक्ष्म तडा गेला असेल तर थंडीत टोकं एकमेकांना चिकटून राहतात, सगळं सुरळीत चालतं. तापलं की सगळं प्रसरण पावतं, टोकं सुटतात. वीज थांबते. संगणकाच्या दृष्टीने इंजिन फिरायचं थांबलं, मग तो कशाला ठिणगी टाकेल?

आता गॅरेजच्या संगणकाला एकही कोड का सापडला नाही, ते बघा. गाडी बंद पडल्यावर तुम्ही सेल्फ मारता, इंजिन फिरतं, पण सेन्सर गप्प. संगणकाला वाटतं इंजिन उभंच आहे. उभ्या इंजिनाबद्दल तक्रार कसली नोंदवायची? सगळ्याच गाड्यांत असं होतं असं नाही, काहींमध्ये कोड पडतो. आमच्यासारख्या जुन्या गाडीत बहुतेकदा नाही.

आणि पेट्रोल पंप का बदलला गेला, तेही. चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. पुढे इंजिन फिरतंय अशी खबर क्रँक सेन्सरकडून आली तरच संगणक त्याला चालू ठेवतो. ही सुरक्षेची सोय आहे. अपघात होऊन इंजिन थांबलं तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये म्हणून. गॅरेजमधल्या पोराने गाडी बंद असताना ऐकलं असणार, सेल्फ मारतोय आणि पंप गप्प. काढला, नवा बसवला. पंप निर्दोष होता. त्याला कुणी बोलायला सांगितलंच नव्हतं.

हे सगळं चाचांनी मला त्याच दिवशी सांगितलं नाही. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "माझा अंदाज हाये. अंदाजावर पार्ट नाही बदलायचा. ती मेलेली असताना मला दाव."

म्हणून बुधवारी, अण्णा घरी असताना, आम्ही रोगाला मुद्दाम बोलवायला गेलो. दुपारी तीन वाजता चाचा, चुलतभाऊ आणि मी. पालीपर्यंत खाली उतरलो, एसी पूर्ण लावून घाट चढलो, मांजरसुंब्याला गाडी उन्हात, बोनट बंद, इंजिन बंद करून उभी केली. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हणत होते की बंद पड बाई. दहा मिनिटांनी निघालो. पडली नाही. पुन्हा खाली, पुन्हा वर. चाचांनी पुडीतली सुपारी चघळत घाटातली माकडंसुद्धा मोजून झाली असतील. दुसऱ्या खेपेला मांजरसुंब्याच्या चौकातून नेकनूरकडे वळलो आणि गपकन.

"चावी काडू नको," चाचा ओरडले आणि उडी मारून उतरले. मग जे झालं ते पाच मिनिटांत झालं, पण एवढं शिस्तीत की मी ते अजून क्रमाने सांगू शकते. आधी त्यांनी मला मागच्या सीटजवळ कान लावायला सांगून चावी बंद-चालू करवली. गुणगुण आली, दोन सेकंद, थांबली. पंप जिवंत. मग एका प्लगची वायर काढून सोबत आणलेल्या जुन्या प्लगला लावली, प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून रबरी मुठीच्या पकडीने धरला, भावाला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी नाही. पुन्हा. नाही. (हे घरी करून बघू नका. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात आणि आसपास पेट्रोल.) मग हात खाली घालून सेन्सरचा कपलर सोडवला आणि मल्टिमीटरच्या दोन पिना लावल्या. मीटरवर आकडाच नाही. तार तुटलेली असल्यावर दाखवतो तसं कोरं.

मग त्यांनी अण्णांचंच औषध दिलं. फडकं भिजवून सेन्सरवर, नेमकं सेन्सरवर, ठेवलं. इंजिनवर भसकन पाणी ओतायचं नाही हेही तिथेच सांगितलं. तापलेल्या लोखंडाला एकदम गार पाणी लागलं तर ते तडकू शकतं. आम्ही तिघं त्या मीटरकडे बघत उभे राहिलो. एक मिनिट, दोन. चौथ्या मिनिटाच्या आसपास आकडा उडी मारून आला, पाचशेच्या वर काहीतरी, आणि टिकला. कपलर बसवला, सेल्फ मारला. चालू.

चाचा काही बोलले नाहीत. माझ्या हातातून पाण्याची बाटली घेतली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी बीडहून मागवला. नऊशे चाळीस रुपये, दहाचा पाना आणि एक बोल्ट. पण जुना त्यांनी फेकू दिला नाही. "अण्णांना आणा," म्हणाले. गॅरेजशेजारच्या हॉटेलात, म्हणजे आमच्याकडे चहाच्या दुकानाला म्हणतात त्या हॉटेलात, त्यांनी एका ग्लासात उकळतं पाणी मागवलं. सेन्सर मीटरला जोडून आधी नुसताच टेबलावर ठेवला, आकडा दिसला. मग उकळत्या पाण्यात सोडला. अण्णा चष्मा पुढे सरकवून बघत होते. थोडा वेळ आकडा हळूहळू चढत गेला, आणि मग गेला. बाहेर काढून वारा घातला, परत आला. पुन्हा पाण्यात, पुन्हा गेला.

अण्णांनी तो तीनदा करायला लावला.

"म्हंजे फडकं बरोबर होतं," ते शेवटी म्हणाले.

"फडकं एकदम बरोबर," चाचा म्हणाले. "पत्ता शेजारचा होता."

दोघं जुने रस्त्यावरचे. मग त्यांचं काळ्या-पिवळीवर, डिझेलच्या पंपात हवा धरायची त्यावर आणि बीडच्या नाक्यावर तेव्हा कोण हवालदार असायचा त्यावर सुरू झालं. मी बिल द्यायला गेले तर चाचांनी तीनशे रुपये घेतले. दोन वेळा घाट चढण्याचं पेट्रोलसुद्धा त्याहून महाग पडलं होतं. मी पाचशे ठेवले तर त्यांनी दोनशे परत केले आणि वर म्हणाले, "पार्ट बदलला की हजार घेतो मी. हा तुझ्या लिवण्याचा भाव."

नोटचा खालचा अर्धा भाग मी कुणाला दाखवला नव्हता. गाडी बरी झाल्यावर वरचा भाग लिहायचा थांबला, खालचा चालू राहिला, आणि मग एका गुरुवारी तोही मला वेगळा दिसायला लागला. अण्णांना चक्कर येते हे आम्ही दर वेळी सांगत होतो. तिथे मशीन काढल्यावर पलंगावरच बीपी बघायचे, ठीक असायचं. 'ऊन आहे, अशक्तपणा आहे' म्हणून घरी पाठवायचे. गाडी उन्हात उभी राहायची तेव्हा आम्हालाही ते पटायचं. आता गाडी थांबत नव्हती, एसी गार होता, तरी चक्कर येतच होती. घाटात नाही, बसल्या जागी नाही. घरासमोर उतरून ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना. नोट्समध्ये अकरापैकी नऊ वेळा तेच: उभे राहिल्यावर.

मी घरचं बीपीचं मशीन सोबत नेलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण मी आधी फोन त्यांच्यापुढे धरला आणि अण्णांना उभं केलं. झोपून १३० होतं ते उभं राहून दोन मिनिटांत ९२ झालं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली. मग वजनाच्या ओळी एकेक करून विचारल्या, जेवण कसं आहे विचारलं, बीपीची गोळी किती वाजता घेतात विचारलं. महिनाभरात अण्णांची भूक सुधारली होती, अंगावर थोडं मांस चढलं होतं, आणि मशीनवर पाणी मात्र जुन्या ठरलेल्या वजनाच्या हिशोबानेच काढलं जात होतं. त्यांनी ते ठरलेलं वजन, ड्राय वेट म्हणतात त्याला, एक किलोने वर नेलं आणि डायलिसिसच्या दिवशीची सकाळची गोळी रात्री घ्यायला सांगितली. "हे लिहायचं थांबवू नका," म्हणाले.

आता जून सुरू झालाय. पालीच्या धरणावर ढग दिसतात, पडत नाहीत. परवा सोमवारी परत येताना घाट चढलो, तेव्हा अण्णा खिडकीची काच खाली करून इंजिन ऐकत होते. एसी चालू असताना काच उघडू नका असं मी रोज सांगते. मांजरसुंब्याला म्हणाले, थांब, चहा घेऊ. दिवसभरात त्यांना पाणी, चहा, आमटी सगळं मिळून लिटरभरच चालतं, त्यामुळे चहा म्हणजे हिशोबाची गोष्ट. त्यांनी अर्धा कप मागितला. बाहेर गाडी उन्हात बोनट बंद करून उभी होती, आणि खिशातून तो जुना सेन्सर काढून ते हॉटेलवाल्याच्या पोराला विचारत होते, एक ग्लास उकळतं पाणी मिळेल का.